गावकरी ते खलपुरुष : 'व्हिलन' या इंग्रजी शब्दाच्या अर्थांतराचा सामाजिक इतिहास

प्रस्तावना

'व्हिलन' हा इंग्रजी शब्द मराठी भाषकांना आता परका वाटत नाही. चित्रपट, नाटके आणि दूरचित्रवाणी मालिका यांनी तो घराघरांत पोहोचविला असून नायकाला छळणारा, कपटी व क्रूर पुरुष हा त्याचा अर्थ शाळकरी मुलांनाही ठाऊक असतो. तथापि या शब्दाचा मूळ अर्थ 'शेतवाडीवर राहणारा', म्हणजे साधा गावकरी, असा होता. इंग्लंडच्या सर्वांत प्रसिद्ध महसुली दप्तरात १०८६ साली ज्यांची नोंद या नावाखाली झाली ते गुन्हेगार नव्हते. ते जमीन कसणारे, बैल बाळगणारे आणि गावगाड्याचा भार वाहणारे शेतकरी होते. पाच शतकांनंतर शेक्सपिअरच्या रंगभूमीवर तोच शब्द सख्ख्या भावाचा घात करणाऱ्या राजपुरुषाला लावला जाऊ लागला.

भाषाशास्त्रात अशा बदलास 'अर्थापकर्ष' असे म्हणतात. परंतु एखाद्या बदलास नाव दिले म्हणजे त्याचे कारण सांगितले असे होत नाही. शेतकऱ्याचे नाव दुष्टपणाचे नाव का व्हावे? हा बदल कोणाच्या तोंडी, कोणत्या काळात आणि कोणत्या संबंधांतून घडला? ज्यांना हे नाव दिले गेले त्यांनी ते मुकाट्याने स्वीकारले काय? प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा विचार करावयाचा आहे. शब्दाला लागलेला कलंक हा शेतकऱ्याच्या वर्तनाचा पुरावा नसून त्याच्याकडे पाहणाऱ्याच्या दृष्टीचा पुरावा आहे, आणि इंग्लंडमधील भूदासत्व संपले तरी भाषेतील तो कलंक संपला नाही, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

शब्दाचे मूळ

लॅटिन भाषेत 'व्हिला' म्हणजे शेतावरील घर किंवा शेतवाडी. तिच्यावरून उत्तरकालीन लॅटिनमध्ये 'व्हिलानुस', म्हणजे वाडीवरचा माणूस, हा शब्द तयार झाला. जुन्या फ्रेंच भाषेत त्याचे रूप 'व्हिलें' असे झाले. १०६६ साली नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम याने इंग्लंड जिंकल्यावर राज्यकर्त्यांची भाषा फ्रेंच आणि दप्तराची भाषा लॅटिन झाली. या दोन्ही वाटांनी हा शब्द इंग्लंडच्या भूमीवर आला. प्रत्यक्ष इंग्रजी लेखनात तो सुमारे इ. स. १३०० पासून आढळतो.

या मुळापासून निघालेल्या तीन इंग्रजी शब्दांचे नशीब मात्र वेगवेगळे ठरले. 'व्हिलेज' हा शब्द 'खेडे' या सरळ अर्थाने टिकून राहिला. 'व्हिला' हा शब्द सतराव्या शतकापासून इटालियन वळणाने श्रीमंतांच्या ग्रामीण निवासस्थानासाठी रूढ झाला आणि आज पुण्या-मुंबईच्या बांधकाम व्यावसायिकांच्या जाहिरातींतही तो ऐश्वर्याची खूण म्हणून मिरवतो. वाडीला प्रतिष्ठा मिळाली, खेडे जागच्या जागी राहिले. अधोगती झाली ती केवळ तेथे राबणाऱ्या माणसाच्या नावाची. म्हणून या अर्थांतराचे कारण शब्दाच्या घडणीत सापडणार नाही, ते समाजरचनेतच शोधावे लागते.

डूम्सडे बुकातील गावकरी

विल्यमने १०८५ च्या नाताळात राज्याची पाहणी करण्याचा निर्णय घेतला व १०८६ मध्ये ती पाहणी झाली. तिचे दप्तर 'डूम्सडे बुक' या नावाने प्रसिद्ध आहे. त्यात नोंदलेल्या सुमारे २ लाख ६९ हजार ग्रामीण लोकांपैकी सुमारे १ लाख ९ हजार, म्हणजे ४० टक्के, लोक 'व्हिलानुस' या वर्गात मोडतात. या नोंदी बहुधा कुटुंबप्रमुखांच्या असल्याने प्रत्यक्ष लोकसंख्या याच्या कितीतरी पट होती. त्यांच्याखाली अल्पभूधारक व झोपडीवासी यांचे वर्ग होते आणि सर्वांत तळाशी सुमारे २८ हजार गुलाम होते.

या आकड्यांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. डूम्सडे बुकातील 'व्हिलानुस' हा गावातील हीन माणूस नव्हता. तो गावातील प्रमुख शेतकरी होता. त्याच्याकडे जमिनीचा वाटा होता, नांगराला जुंपण्यासाठी बैल होते. गुलामांची गणना त्याच्यापासून वेगळी केली जात होती. फ्रेडरिक विल्यम मेटलंड यांनी १८९७ च्या 'डूम्सडे बुक अँड बियॉंड' या ग्रंथात या वर्गाच्या दर्जाची जी बारकाईने चर्चा केली, तीवरूनही पुढील काळातील भूदासाची कल्पना १०८६ च्या गावकऱ्यावर सरसकट लादता येत नाही, असे दिसून येते.

कायद्याने घडविलेला भूदास

हा गावकरी भूदास झाला तो मुख्यतः बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात. राजा दुसरा हेन्री (राज्यकाल ११५४ ते ११८९) याने राजाच्या न्यायालयांचे कार्यक्षेत्र वाढविले. जमिनीचा ताबा हिरावला गेल्यास राजाच्या न्यायालयात दाद मागण्याचा सुलभ मार्ग त्याच्या काळात निर्माण झाला. परंतु हा मार्ग स्वतंत्र माणसासाठी होता. त्यामुळे स्वतंत्र कोण आणि परतंत्र कोण, हे ठरविणे आवश्यक झाले. पूर्वी गावागावांत अनेक छटा असलेल्या दर्जांची आता दोन भागांत विभागणी झाली. जे स्वतंत्र नाहीत ते 'व्हिलेन' ठरले. कायद्याची सुधारणा म्हणून जिचा गौरव होतो, त्याच प्रक्रियेने लक्षावधी शेतकऱ्यांना न्यायालयाच्या दाराबाहेर उभे केले, ही या काळातील मोठी विसंगती होय.

सुमारे ११८७ ते ११८९ या काळातील 'ग्लॅनव्हिल' नावाने ओळखला जाणारा ग्रंथ आणि तेराव्या शतकातील 'ब्रॅक्टन' हा ग्रंथ यांत या दर्जाची कायदेशीर व्याख्या आढळते. उद्या सकाळी कोणते काम करावे लागेल हे ज्याला आज संध्याकाळी माहीत नसते तो व्हिलेन, अशा आशयाची कसोटी ब्रॅक्टनच्या ग्रंथात आहे. आठवड्यातून दोन-तीन दिवस जमीनदाराच्या खाजगी शेतावर वेठ, सुगीत अधिक दिवस. मुलीच्या लग्नासाठी 'मर्चेट' नावाची पट्टी. कर्ता पुरुष मेल्यावर गोठ्यातील उत्तम जनावर 'हेरिअट' म्हणून जमीनदाराच्या स्वाधीन. दळण जमीनदाराच्याच गिरणीत. आणि परवानगीवाचून गाव सोडण्यास बंदी, असे या दर्जाचे सामान्य स्वरूप होते. जमीनदाराच्या विरुद्ध त्याला राजाच्या न्यायालयात उभे राहता येत नसे. मात्र अन्य कोणाच्याही संबंधात तो स्वतंत्र माणसाप्रमाणे वागू शके, आणि त्याला ठार मारण्याचा किंवा अपंग करण्याचा अधिकार जमीनदारासही नव्हता. म्हणूनच व्हिलेन आणि गुलाम या दोन संज्ञा एकरूप मानणे योग्य नाही.

१२१५ च्या 'मॅग्ना कार्टा'कडे या दृष्टीने पाहणे उद्बोधक ठरते. कायदेशीर निवाड्याशिवाय कोणालाही कैद करता येणार नाही, असे सांगणारे तिचे ३९ वे कलम 'स्वतंत्र माणसा'ला उद्देशून आहे. व्हिलेनचा उल्लेख २० व्या कलमात येतो. त्याला दंड करताना त्याच्या शेतीच्या साधनांना धक्का लागू नये, असे तेथे म्हटले आहे. सनदेने त्याच्या नांगराची काळजी घेतली, परंतु त्याला 'स्वतंत्र माणूस' या शब्दांच्या कक्षेत घेतले नाही. पॉल व्हिनोग्राडॉफ यांचा १८९२ चा 'व्हिलनेज इन इंग्लंड' हा ग्रंथ या संपूर्ण व्यवस्थेच्या अभ्यासाचा पाया मानला जातो.

दरबारी साहित्य आणि नैतिक अर्थाचा उदय

कायद्याने दर्जा खाली आणला. परंतु दर्जा कनिष्ठ असणे आणि स्वभाव दुष्ट असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची सांगड घातली ती प्रामुख्याने दरबारी साहित्याने. बाराव्या-तेराव्या शतकांतील फ्रेंच साहित्यात 'कुर्त्वा' म्हणजे दरबारी वळणाचा, सौजन्यशील. आणि 'व्हिलें' म्हणजे त्याच्या उलट, असा विरोध रूढ झाला. दरबारात ज्याला वागता येत नाही तो असभ्य, आणि असभ्य वर्तन हे खेडवळाचे लक्षण, अशी ही विचारसरणी होती.

तिचे बोलके उदाहरण म्हणजे गिओम द लोरिस याने सुमारे १२३० मध्ये लिहावयास घेतलेले 'रोमान द ला रोझ' हे रूपककाव्य. त्यातील प्रेमाच्या उद्यानाभोवती उंच भिंत आहे आणि ज्यांना आत प्रवेश नाही त्यांची चित्रे तिच्या बाहेरील अंगावर रंगविलेली आहेत. द्वेष, लोभ, मत्सर यांच्या रांगेत तेथे 'व्हिलनी' म्हणजे गावंढळपणा हाही आहे. त्याच भिंतीवर वार्धक्य आहे आणि दारिद्र्यही आहे. दुर्गुण आणि दुर्दैव यांत भेद न करणारी ही भिंत पुढील अर्थांतर समजण्यास फार उपयोगी आहे. एकाच रांगेत बसविल्यामुळे गावात जन्मणे हा मत्सरासारखाच एक दोष ठरला.

या बदलास ध्वनिसाम्याचाही हातभार लागला. लॅटिनमधील 'व्हीलिस' म्हणजे स्वस्त, क्षुद्र. त्यावरून इंग्रजीतील 'व्हाईल' हा शब्द आला. 'व्हिला' आणि 'व्हीलिस' हे वेगळे शब्द असूनही 'व्हिलेन' हा 'क्षुद्र' या शब्दापासून निघाला असावा, असे विद्वानांनाही वाटत राहिले. अठराव्या शतकात कायदेपंडित विल्यम ब्लॅकस्टोन याने आपल्या 'कॉमेंटरीज'मध्ये दोन्ही व्युत्पत्त्या शेजारी शेजारी मांडल्या आहेत. चुकीची व्युत्पत्ती सहसा तेव्हाच पटते जेव्हा ती समाजाच्या पूर्वग्रहाशी जुळते. येथेही तसेच झाले.

चौदाव्या शतकाच्या अखेरीस जेफ्री चॉसर याच्या 'कँटरबरी टेल्स'मध्ये हा अर्थ पक्का झालेला दिसतो. त्यातील सरदाराची थोरवी सांगताना त्याने कोणाशीही बोलताना 'व्हिलनी' केली नाही, असे कवी म्हणतो. परंतु चॉसरच्याच ग्रंथात याच्या विरुद्ध सूरही आहे. बाथच्या स्त्रीने सांगितलेल्या कथेत, कुलीनता वंशाने येत नाही, कृतीने येते आणि हीन कृत्य करणारा ड्यूकही हीनच, अशा आशयाचे प्रवचन आहे. त्या काव्यातील नांगऱ्या हा तर अत्यंत सज्जन माणूस आहे. म्हणजे शब्दाचा अर्थ बदलत असतानाच त्या बदलामागील गृहीतकावर आक्षेपही घेतला जात होता.

शेतकऱ्यांचे उत्तर

ज्यांचे हे नाव होते त्यांची बाजू कोणती? व्हिलेनने लिहिलेले ग्रंथ उपलब्ध नाहीत. त्याचा आवाज न्यायालयांच्या दप्तरांतून आणि त्याला विरोध करणाऱ्या बखरकारांच्या लेखनातून शोधावा लागतो. तरीही तो स्पष्टपणे ऐकू येतो.

१३४८-४९ च्या प्लेगच्या साथीत इंग्लंडची एक तृतीयांश ते निम्मी लोकसंख्या मृत्युमुखी पडली. मजुरांची टंचाई झाली व मजुरीचे दर वाढू लागले. त्यावर सरकारने १३४९ चा आदेश आणि १३५१ चा मजुरांविषयीचा कायदा करून मजुरी साथीपूर्वीच्या दरावर रोखण्याचा प्रयत्न केला. श्रमाची किंमत वाढत असताना श्रमिकाला जुन्या बंधनात ठेवण्याचा हा प्रयत्न असंतोषाचे मोठे कारण ठरला.

१३७७ साली दक्षिण इंग्लंडमधील अनेक गावांनी एक विलक्षण मार्ग अवलंबिला. त्यांनी पैसे भरून डूम्सडे बुकातील आपल्या गावाच्या नोंदींच्या अधिकृत नकला मिळविल्या. आपले गाव प्राचीन काळी राजाच्या खाजगी मालकीचे होते, म्हणून आपल्यावरील वेठ बेकायदेशीर आहे, असा त्यांचा दावा होता. हे दावे मान्य झाले नाहीत. उलट पार्लमेंटमध्ये जमीनदारांनी त्यांच्याविरुद्ध तक्रार केली. परंतु ज्या दप्तराने आपल्या पूर्वजांची 'व्हिलानुस' म्हणून गणना केली, त्याच दप्तराचा आधार घेऊन स्वातंत्र्य मागणारे हे लोक अडाणी व असभ्य होते, असे म्हणणे कठीण आहे.

१३८१ चा उठाव डोईपट्टीच्या निमित्ताने एसेक्स आणि केंट परगण्यांत सुरू झाला. बंडखोरांनी अनेक ठिकाणी मॅनर-न्यायालयांची दप्तरे शोधून जाळली, कारण त्यांचे दास्य त्या चर्मपत्रांवर नोंदलेले होते. सेंट ऑल्बन्स येथे मठाने पूर्वी लोकांच्या घरांतील जाती जप्त करून फरशीत बसविली होती. लोकांनी ती फरशी उखडून जात्यांचे तुकडे परत नेले. १४ जून १३८१ रोजी माइल एंड येथे चौदा वर्षांचा राजा दुसरा रिचर्ड याच्यासमोर त्यांनी भूदासत्व रद्द करण्याची आणि जमिनीचा खंड एकरी चार पेन्स ठरविण्याची मागणी केली. राजाने मुक्ततेच्या सनदा दिल्या. दुसऱ्या दिवशी स्मिथफील्ड येथे त्यांचा नेता वॉट टायलर मारला गेला आणि २ जुलै रोजी सनदा रद्द करण्यात आल्या. धर्मोपदेशक जॉन बॉल याला १५ जुलै रोजी सेंट ऑल्बन्स येथे देहदंड देण्यात आला. आदिमानवाच्या काळात सरदार कोण होता, हा त्याच्या प्रवचनाचा प्रश्न दर्जावर आधारलेल्या साऱ्या शब्दसृष्टीच्या मुळावरच घाव घालणारा होता. एसेक्सच्या प्रतिनिधींना राजाने 'तुम्ही खेडूत होता आणि खेडूतच राहाल' अशा आशयाचे उत्तर दिल्याचे बखरकार वॉल्सिंगम नोंदवितो.

भूदासत्वाचा अस्त

बंड मोडले गेले तरी भूदासत्व फार काळ टिकले नाही. पंधराव्या शतकात मजुरांची टंचाई कायम राहिली. वेठीच्या जागी रोख खंड आला. न्यायालयाच्या दप्तरातील नोंदीची नक्कल हाच हक्काचा पुरावा मानणारी 'कॉपीहोल्ड' पद्धत रूढ झाली. रॉडनी हिल्टन यांनी १९६९ च्या 'द डिक्लाइन ऑफ सर्फडम इन मेडिएव्हल इंग्लंड' या ग्रंथात या प्रक्रियेचे विवेचन केले आहे. कोणत्याही एका कायद्याने भूदासत्व रद्द झाले नाही. ते हळूहळू विरत गेले.

त्याचे अवशेष सोळाव्या शतकातही दिसतात. १५४९ मध्ये नॉर्फोक परगण्यात रॉबर्ट केट याच्या नेतृत्वाखाली झालेल्या उठावाच्या मागण्यांत सर्व दासांना मुक्त करावे, ही एक मागणी होती. १५७४ मध्ये राणी पहिली एलिझाबेथ हिने लॉर्ड बर्ली व सर वॉल्टर मिल्डमे यांना चार परगण्यांतील राजघराण्याच्या जमिनींवरील उरलेल्या दासांना मोबदला घेऊन मुक्त करण्याचे अधिकार दिले. १६१८ मधील 'पिग विरुद्ध केली' हा या दर्जाविषयीचा इंग्लंडमधील शेवटचा ज्ञात खटला मानला जातो. कॉपीहोल्ड ही पद्धत मात्र १९२२ च्या मालमत्ता कायद्याने १ जानेवारी १९२६ पासून संपुष्टात आली.

रंगभूमीवरील 'व्हिलन'

या कालक्रमाची तुलना शब्दाच्या इतिहासाशी केली असता एक महत्त्वाची बाब निदर्शनास येते. खरे व्हिलेन समाजातून नाहीसे होत होते त्याच शतकात 'व्हिलन' ही शिवी सर्वाधिक जोमाने वापरली जात होती. सुमारे १५९९-१६०० च्या 'ॲज यू लाइक इट' या नाटकात थोरला भाऊ ऑलिव्हर धाकट्या ऑरलँडोला 'व्हिलन' म्हणतो. त्यावर ऑरलँडो, आपण थोर पित्याचा पुत्र असल्याने व्हिलन असूच शकत नाही, असे उत्तर देतो. एकाने शब्द 'दुष्ट' या अर्थाने वापरला, दुसऱ्याने तो 'हीनकुलीन' या अर्थाने घेतला. हा विनोद प्रेक्षकांना कळत होता, म्हणजे दोन्ही अर्थ त्या वेळी जिवंत होते.

'तिसरा रिचर्ड' या नाटकाच्या प्रारंभीच राजघराण्यातील रिचर्ड आपण व्हिलन होण्याचा निर्धार केल्याचे सांगतो. आता हा शब्द वर्गापासून पूर्णपणे सुटला होता. ड्यूकही व्हिलन होऊ शकत होता. एका परीने चॉसरच्या कथेतील विचारच येथे प्रत्यक्षात आला. हीनता कृत्यावरून ठरू लागली. परंतु त्या हीनतेला नाव मात्र शेतकऱ्याचेच राहिले.

पुढे वर्तनीनेही हे दोन अर्थ वेगळे केले. इतिहासातील भूदासासाठी बहुधा शेवटी 'ई-आय-एन' अक्षरे असलेली आणि दुष्ट माणसासाठी 'ए-आय-एन' अक्षरे असलेली वर्तनी रूढ झाली. उच्चार एकच राहिला. या विभागणीमुळे सामान्य इंग्रजी वाचकाला दोहोंमधील नाते दिसेनासे झाले. एकोणिसाव्या शतकातील मेलोड्रामाने रंगमंचावरील ठरावीक खलपात्रास हे नाव दिले आणि तेथून ते चित्रपटांत आले.

भूदासत्वाच्या मृत्यूला आणखी एक परिणाम लाभला, त्याची नोंद येथे केली पाहिजे. १७७२ मध्ये जेम्स सॉमरसेट या गुलामाला इंग्लंडबाहेर बळजबरीने नेता येईल काय, असा प्रश्न लॉर्ड मॅन्सफील्ड यांच्यासमोर आला. सॉमरसेटचे वकील फ्रान्सिस हारग्रेव्ह यांनी असा युक्तिवाद केला की, इंग्लंडच्या कायद्याला ठाऊक असलेले एकमेव दास्य म्हणजे व्हिलेनचे दास्य. ते आता लोपले असून नवे दास्य निर्माण करण्यास कायद्यात जागा नाही. २२ जून १७७२ रोजी सॉमरसेटची मुक्तता झाली. ज्याचे नाव शिवी झाले होते, त्याच्या विस्मृत दर्जाचा इतिहास एका आफ्रिकी माणसाच्या सुटकेस साहाय्यभूत ठरला.

समांतर शब्दांची साक्ष

'व्हिलन' हे एकमेव उदाहरण असते तर त्यास अपवाद म्हणता आले असते. परंतु 'चर्ल' म्हणजे आज उद्धट माणूस. त्याचे मूळ रूप 'चेओर्ल' हे अँग्लो-सॅक्सन काळातील स्वतंत्र सामान्य शेतकऱ्याचे नाव होते. 'बूर' म्हणजे असंस्कृत. मूळ अर्थ शेतकरी. 'नेव्ह' म्हणजे लबाड. मूळ अर्थ मुलगा, नंतर पोऱ्या किंवा नोकर. याउलट 'नोबल', 'जेंटल' आणि 'फ्रँक' हे उच्च कुळाचे किंवा स्वतंत्र दर्जाचे शब्द अनुक्रमे उदात्त, सौम्य आणि मनमोकळा अशा सद्गुणांचे वाचक झाले. एक गट सातत्याने वर गेला, दुसरा सातत्याने खाली आला.

रिचर्ड ट्रेंच यांनी १८५१ च्या 'ऑन द स्टडी ऑफ वर्ड्स' या पुस्तकात 'व्हिलन' शब्दाच्या उतरणीच्या पायऱ्या दाखविल्या होत्या. सी. एस. लुइस यांनी १९६० च्या 'स्टडीज इन वर्ड्स'मध्ये अशा बदलांना दर्जावाचक शब्दांचे नैतिकीकरण म्हटले. जर्मन तत्त्वचिंतक नीत्शे यानेही १८८७ मध्ये, 'चांगला' आणि 'वाईट' या कल्पनांच्या मुळाशी उच्च व नीच दर्जाच्या कल्पना आहेत, असे मत मांडले होते. या तिघांच्या भूमिका भिन्न असल्या तरी दर्जाचे शब्द नीतीचे शब्द बनतात, याविषयी त्यांच्यात मतभेद नाही.

मराठी वाचकांच्या दृष्टीने

'व्हिलन' हा शब्द मराठीने त्याच्या अंतिम अर्थासह स्वीकारला. त्यामागील शेतकरी आपल्याला दिसला नाही. मात्र ही प्रक्रिया आपल्याला अपरिचित नाही. संस्कृत काव्यशास्त्रात 'ग्राम्यत्व' हा काव्यदोष मानला जातो, तर 'नागर' म्हणजे सुसंस्कृत. मराठीत 'गावंढळ' आणि 'कुणबाऊ' ही विशेषणे ओबडधोबडपणा दर्शवितात. त्यातील दुसऱ्यात तर शेती करणाऱ्या समाजाचे नावच आहे. इंग्लंडमधील भूदासत्व आणि भारतातील जातिव्यवस्था या भिन्न संस्था आहेत, त्यामुळे ही तुलना मर्यादेतच करावयास हवी. परंतु नाव ठेवण्याचा अधिकार कोणाकडे होता, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे.

या संदर्भात महात्मा जोतीराव फुले यांचे कार्य लक्षणीय आहे. १८६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शिवाजी महाराजांवरील पवाड्यात त्यांनी महाराजांना 'कुळवाडीभूषण' म्हटले. राजाचा गौरव करताना त्यांनी शेत कसणाऱ्याचे नाव निवडले. १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात त्यांनी शेतकरी हाच लेखनाचा विषय केला. इंग्रजीत 'व्हिलन' या शब्दाला असा पुनरुद्धार लाभला नाही, कारण तो शब्द परत मागणारा वर्गच त्या नावाने उरला नव्हता. येथे मात्र तो वर्ग अस्तित्वात होता आणि त्याच्या बाजूने लिहिणारी लेखणीही निर्माण झाली.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. 'व्हिलन' या शब्दाचा अर्थापकर्ष ही केवळ भाषिक घटना नाही. बाराव्या शतकातील कायद्याने दर्जा ठरविला, दरबारी साहित्याने त्या दर्जाला स्वभाव चिकटविला आणि रंगभूमीने तो स्वभाव दर्जापासून वेगळा केला.

२. या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शेतकऱ्यांनी १३७७, १३८१ आणि १५४९ मध्ये या दर्जास उघड आव्हान दिले. शब्दकोशातील अर्थात या प्रतिकाराची खूण उरलेली नाही.

३. सामाजिक संस्था नष्ट झाल्या तरी त्यांनी निर्माण केलेला तुच्छतेचा भाव भाषेत टिकून राहतो. शब्दांचा अभ्यास हे सामाजिक इतिहासाचे साधन आहे. मात्र कोशातील अर्थ हा सत्ताधारी वर्गाचाही अर्थ असू शकतो, हे ध्यानात ठेवूनच त्याचा उपयोग केला पाहिजे.

४. 'ग्राम्य', 'गावंढळ', 'कुणबाऊ' यांसारख्या मराठी शब्दांचा कालक्रमानुसार अभ्यास होणे आवश्यक आहे. जुनी दप्तरे, शब्दकोश आणि लोकसाहित्य यांच्या आधारे इतिहास व मराठी या दोन्ही विषयांच्या अभ्यासकांनी तो एकत्रितपणे हाती घेतल्यास आपल्या ग्रामीण समाजाच्या इतिहासावर निश्चितच नवा प्रकाश पडेल.